अक्ती झाली की येतो

"अजून खाली. हां, तिथे. आता धूर बघा."

नानांनी पलंगावरूनच हुकूम सोडला आणि देवीदासनं हातातली उदबत्ती खिडकीच्या चौकटीच्या खालच्या कोपऱ्याशी नेली. इतका वेळ धूर गुणी पोरासारखा सरळ वर जात होता. कोपऱ्याशी येताच तो एकदम वाकला आणि आडवा होऊन पलंगाकडे निघाला, थेट नानांच्या उशीकडे.

"दिसला?" नानांनी विचारलं. डोक्याला कानटोपी, तिच्यावर जांभळा मफलर, वरून शाल. एवढ्या सरंजामातून त्यांचे दोन डोळे तेवढे बाहेर होते आणि ते चमकत होते.

"दिसला नं. येऊन राहिलं वारं."

"मोठ्यांदा म्हणा."

"काय?"

"वारं येतंय, असं जरा मोठ्यांदा म्हणा. ती अजून गेली नसेल."

पण ती, म्हणजे नानांची सून चित्रा, तोवर फाटकाबाहेर पडली होती. तिची स्कूटी सुरू झाल्याचा आवाज आला, कॉलनीच्या वळणापर्यंत ऐकू आला आणि विरला. नानांनी शाल पुन्हा नाकापर्यंत ओढून घेतली.

जाण्यापूर्वी चित्रानं देवीदासला दारातच गाठलं होतं. बँकेत जायची घाई, एका हातात डबा, दुसऱ्या हातात हेल्मेट. "भैया, वारं वगैरे काही नाही हं," ती आवाज खाली आणून म्हणाली होती. "खिडकी बंद, पडदा बंद, तरी नानांना वारं लागतं. चार हिवाळे झाले, हेच चालू आहे. डॉक्टर म्हणाले, या उमरमध्ये असा वहम होतो, नुसता भास. रात्रीची गोळी सुरू केली, तर दिवसभर पेंगत असतात बिचारे. आता जिद धरली की मिस्त्री बोलवा. तर तुम्ही थोडं ठोकठाक करून द्या. त्यांचं समाधान होऊन जाईल."

"हव दीदी," देवीदास म्हणाला होता. चाळीस वर्षांच्या कामात त्यानं जितक्या खिडक्या बसवल्या होत्या, जवळजवळ तितक्याच माणसांची समाधानंही केली होती. त्यात त्याला काही विशेष वाटलं नाही. पण उदबत्तीचा धूर कोणाचं समाधान करत नाही. तो वाकला म्हणजे वारं होतंच.

"नाना, बाहेरची पट्टी काढून पाहा लागन," तो म्हणाला. "आत काय आहे ते त्याच्याबिगर नाही समजणार."

"काढा. सगळं काढा. मी इथेच आहे."

देवीदास कुंभलकर पुरानी बस्तीत राहत असे. वडील भंडाऱ्याकडून रेल्वेच्या गँगमध्ये रायपूरला आले आणि इथलेच झाले. देवीदास सोळाव्या वर्षी शालिग्राम मिस्त्रींच्या हाताखाली लागला. तेव्हा खिडक्या सागाच्या असत. मग साग परवडेना, ॲल्युमिनियम आलं. मग त्याच्या कडेनं पांढऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या आल्या, पॅनेल आली. माल बदलत गेला, देवीदास तोच राहिला, फक्त गुडघे तेवढे कुरकुरायला लागले. शालिग्राम मिस्त्री मोजकं बोलणारा माणूस. त्यांनी शिष्याला दोनच गोष्टी बजावून सांगितल्या होत्या. एक, स्क्रू आवळून झाला की त्याच्या डोक्याची खाच उभी ठेवायची, आडवी नाही. आडव्या खाचेत पाणी थांबतं. आणि दुसरी, कुठलीही पट्टी मारण्यापूर्वी तिच्या पाठीवर पेन्सिलीनं आपलं नाव आणि तारीख लिहायची. "ज्यानं झाकलं त्याचं नाव झाकणामागं पाहिजे," मिस्त्री म्हणत. "उद्या कोणी उघडलं तर कोणाले विचारायचं, ते समजलं पाहिजे."

देवीदासनं दोन्ही नियम जन्मभर पाळले. बायको मंदाकिनी त्यावरून त्याची थट्टा करायची. "तुमचं नाव साऱ्या रायपुरात आहे," ती म्हणायची, "पण समदं भिंतीकडे तोंड करून." तो हसायचा. मनातून त्याला ते आवडायचं.

आता तो चढायची घोडी घेऊन घराच्या बाजूच्या बोळीत आला. उत्तरेची बाजू, ऊन दुपारीही यायचं नाही. पौषातला गारठा आणि तेलीबांध्याच्या तलावावरून येणारं वारं त्या अरुंद बोळीत शिरून अगदी चपळ झालं होतं. देवीदासनं कान रुमालानं बांधले, घोडी टेकवली, खिशातून पेचकस काढला आणि पट्टीच्या पहिल्या स्क्रूला लावता लावता थांबला.

खाच उभी होती. त्यानं खालचा स्क्रू पाहिला, त्याचीही उभी. मग तो चौकटीभोवती नजर फिरवत गेला. सोळाच्या सोळा स्क्रू शाळेत प्रार्थनेला उभे केल्यासारखे. शहरात असं काम करणारी माणसं दोनच होती आणि त्यातले शालिग्राम मिस्त्री वारून वीस वर्षं झाली होती.

सकाळी गल्लीत शिरताना त्याला काहीच ओळखीचं वाटलं नव्हतं. वाटणार कसं? दारात आता कडुनिंब होता, फाटक लोखंडाचं, पुढच्या भिंतीला काळा चकचकीत ग्रॅनाईट. बारा वर्षांपूर्वी इथे एका रांगेत आठ पांढरी घरं होती आणि वाळूचे ढीग होते.

त्यानं स्क्रू काढले. पट्टी सैल झाली, तशी ती हातात घेऊन उलटी केली. पाठ कोरी होती. नाव नाही, तारीख नाही. आणि पट्टीच्या जागी, चौकट आणि भिंत यांच्यामध्ये, त्याची दोन बोटं सहज आत जातील एवढी उघडी फट होती. आतून लाकडाची बारीक पट्टी, बाहेरून प्लास्टिकची, मध्ये नुसती हवा. खिडकीखालचं मोठं पॅनेल त्यानं किलकिलं करून पाहिलं. तिथली भिंत जेमतेम चार इंची आणि तिच्यावर अस्तर म्हणून काहीही नाही.

देवीदास घोडीच्या पायरीवर बसला. आपल्या चाळीस वर्षांच्या कामातली एकच कोरी पट्टी कुठली, ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

तेव्हा मे महिना होता. अक्ती चार दिवसांवर आलेली. अक्ती म्हणजे आपली अक्षय तृतीया, पण छत्तीसगढात तिला घरोघरी लग्नं आणि शेतीचं नवं साल. गवंडी, मजुरी करणाऱ्या रेजा, सगळे झाडून गावाला निघून गेले होते. इकडे घरमालकांचा गृहप्रवेशही नेमका अक्तीचाच. या खिडकीची चौकट मापात चुकून लहान आली होती. भोवतीची फट सिमेंटनं भरायला एकही गवंडी नव्हता. ठेकेदारानं घड्याळ पाहिलं आणि म्हणाला, "देवीदास, पट्टी मार दे. अक्ती के बाद मिस्त्री लौटेगा, तब खोल के भर देंगे."

देवीदासनं पट्टी मारली. पण नाव लिहिलं नाही. काम झालंच नव्हतं, तर नाव कशाचं लिहायचं? "अक्ती झाली की येतो," तो ठेकेदाराला म्हणाला. मनापासून म्हणाला होता.

तेवढ्यात घरमालकीण आल्या होत्या. साठीच्या बाई, गोऱ्या, ठसठशीत कुंकू, हातात कैरीच्या पन्ह्याचे दोन ग्लास. एक ठेकेदाराला दिला, एक त्याला. मग सहज म्हणून त्यांनी बोट वाकवून पट्टीवर टकटक केलं.

"भाऊ, हे पोकळ वाजतंय हो."

ठेकेदार बाजूलाच उभा होता. देवीदासनं ग्लास तोंडाला लावला आणि म्हणाला, "काकू, प्लास्टिक आहे. प्लास्टिक पोकळच वाजते."

"असं होय? मला मेलीला काय कळतंय!" असं म्हणून त्या स्वतःलाच हसल्या होत्या. पन्हं फार छान होतं. वेलदोडा घातलेलं.

अक्ती झाली. ठेकेदार दुसऱ्या साइटवर गेला आणि फोन उचलेनासा झाला. मंदाकिनीचं ऑपरेशन निघालं. मग पाऊस लागला. वर्षभर देवीदास तेलीबांध्यावरून जाताना या गल्लीकडे बघायचं टाळत होता. पुढे टाळायचीही गरज राहिली नाही. तो विसरला.

आतून खिडकी सरकली. जाळीमागे जांभळा मफलर दिसला. "काय निघालं?" नानांनी उत्सुकतेनं विचारलं.

देवीदासच्या तोंडून उत्तर आलं ते इतकं आपसूक आलं की त्याचं त्यालाच नवल वाटलं. "काही नाही नाना. घर जुनं झालं की होते असं. भिंत बसते, चौकट हालते, फट पडते. भरून देतो पक्की."

"पण आहे ना? फट आहे ना?"

"आहे नं. दोन बोटं."

"किती जुनी असेल?"

"असन दोन-तीन वर्षांची."

त्याला वाटलं, म्हातारा खूश होईल. सुनेला सांगेल, बघ, वहम नव्हता. गोळी बंद होईल. आपण फट भरू, उद्यापासून हे ऊबदार झोपतील, आणि जुनी मढी उकरून कोणाचं भलं झालंय? पण नानांचा चेहरा एकदम उतरला.

"नीट बघून सांगा," ते म्हणाले. "दोन-तीनच? जास्त नाही?"

"काहून?"

"हिला जाऊन चार वर्षं झाली. विजयाला." नानांनी जाळीला बोटं लावली. "पलंगाची ही बाजू तिची होती. खिडकीकडची. इथे राहायला आलो त्या पहिल्याच हिवाळ्यात ती म्हणाली, अहो, माझ्या मानेला वारं लागतं. मी खिडकी तपासली, बंद होती. मी म्हटलं, विजया, तुला वारं नाही लागत, तुला ब्राह्मणपारा लागतोय."

देवीदासनं हातातली कोरी पट्टी भिंतीला टेकवली.

"आमचं तिथलं, जुन्या वस्तीतलं घर दोन हात जाड भिंतींचं. मराठ्यांच्या वेळेपासूनचं. भोवती सगळी आपली माणसं. हिला तिथून यायचंच नव्हतं, मी हट्टानं आणलं. त्यामुळे इथली कसलीही तक्रार केली की मला वाटायचं, ही तेच बोलून राहिली. उन्हाळ्यात म्हणायची, झळ येते. मी म्हणायचो, ब्राह्मणपाऱ्यात एसी होता का? चारचौघांत म्हणायचो. लोक हसायचे. तीही हसायची. मग तिनं बोलणं सोडलं आणि लोकर आणून हा मफलर विणला." त्यांनी गळ्याशी हात नेला. "ती गेल्यावर मी तिच्या बाजूला झोपायला लागलो. आणि पहिल्याच थंडीत माझ्या मानेला वारं लागलं."

बोळीतून वाऱ्याचा एक झोत आला. उघड्या फटीतून आत शिरताना त्याचा बारीक आवाज झाला.

"आमचा मुलगा पराग म्हणतो वहम आहे. चित्रा म्हणते वहम आहे. म्हणोत. मी मिस्त्री बोलवा म्हणत होतो ते माझ्यासाठी नाही हो. मला वाटलं, निदान एकदा ठरेल की तिचं खरं होतं." नानांचा हात मफलरवरच होता. "पण तुम्ही म्हणता फट दोन-तीन वर्षांची. म्हणजे तिच्या वेळी नव्हतीच. मग तिचं मनाचंच होतं. मीच बरोबर होतो."

मीच बरोबर होतो, हे आयुष्यात इतक्या दुःखानं बोललेलं देवीदासनं कधी ऐकलं नव्हतं. नाना खिडकी सरकवायला लागले.

"नाना, खिडकी लावू नका."

देवीदासला हातातल्या पेचकसाचं काय करावं ते सुचेना, म्हणून त्यानं तो खिशात ठेवला. भीती वाटत होती, आणि त्याहून जास्त शरम वाटत होती.

"मी खोटं बोललो. फट दोन-तीन वर्षांची नाही. बारा वर्षांची आहे. घर झालं तेव्हापासूनची. ही पट्टी मीच मारली होती, अन् मले माहीत होतं मागं काही नाही ते. अक्तीनंतर येऊन भरीन म्हणलं होतं. आलो नाही." मग उरलेलंही सांगून टाकलं, कारण ते ठेवून घेतलं असतं तर बाकीच्याला अर्थ नव्हता. "काकूंनी बोटानं वाजवून पायलं होतं. म्हणल्या, पोकळ वाजतंय. मी म्हणलं, प्लास्टिक पोकळच वाजते. त्यांनी मले पन्हं देल्लं होतं, नाना."

नानांनी मफलरचं टोक मुठीत धरलं.

"दोन बोटं?" त्यांनी शेवटी विचारलं.

"हव."

"पहिल्या दिवसापासून?"

"हव."

"परत का नाही आलात?"

देवीदासला ऑपरेशन आठवलं, पाऊस आठवला, ठेकेदार आठवला. सगळी कारणं खरी होती. "सांगाले काही नाही," तो म्हणाला.

नानांनी खिडकी लावली. कडी बसल्याचा आवाज आला.

फोमची एक बाटली देवीदासनं आणली होती, पण एवढी फट एका बाटलीत भरणारी नव्हती. शिवाय पॅनेलमागच्या भिंतीला थर्माकोलचं अस्तर लावायला हवं होतं, नाहीतर उन्हाळ्यात झळ यायचीच. सामान आणायला जाणं भाग होतं. तो पुढच्या दाराशी आला तेव्हा नाना बैठकीत खुर्चीवर बसले होते, पायात लोकरी मोजे, नजर जमिनीवर.

"चाललात?"

"सामान आणतो. येतो लगेच. पेटी इथंच ठेवून जातो."

"पेटीचं काय," नाना म्हणाले, "नवी मिळते."

ते वाक्य देवीदासला स्कूटरवर रस्ताभर पुरलं. दुकानात त्यानं फोमच्या तीन बाटल्या घेतल्या, थर्माकोलच्या जाड पाट्या घेतल्या, दुकानदार चहा घ्या म्हणत होता तरी थांबला नाही. परत गल्लीत वळला तर नाना कानटोपी, मफलर, शालीसकट फाटकात उन्हात उभे होते आणि रस्त्याकडे बघत होते. स्कूटर दिसताच ते मागे वळून आत निघाले.

"आलात," पाठमोरेच ते म्हणाले.

दुपारभर काम चाललं. थोड्या वेळानं नाना प्लास्टिकची खुर्ची ओढत बोळीत आले आणि त्या गारठ्यात बसून राहिले. देवीदासनं दोनदा सांगून पाहिलं की बाधेल. त्यांनी ऐकलं नाही. त्यानं आधी फटीतली जाळी-जळमटं आणि बारा वर्षांची धूळ ब्रशनं झाडून काढली, ओल्या फडक्यानं कडा पुसल्या, मग खालून वर फोम भरत गेला. पिवळसर फेस फुगत फुगत कोपऱ्यांत शिरला. सुकेपर्यंत हात रिकामे होते म्हणून त्यानं शेजारच्या स्वयंपाकघराच्या खिडकीची एक पट्टी काढून बघितली, तिथे काही राहिलंय का म्हणून. तिथे मागे सिमेंट होतं, पक्कं. पट्टीच्या पाठीवर पेन्सिल जशीच्या तशी होती.

नानांनी चष्मा लावला आणि वाचलं. "देवीदास कुंभलकर. सात मे दोन हजार तेरा. हे काय?"

देवीदासनं शालिग्राम मिस्त्रींचा नियम सांगितला.

"मग त्या पट्टीवर काहून नाही?"

"काम झालं नव्हतं. येऊन भरीन अन् मग लिहीन म्हणलं."

नानांनी ती पट्टी मांडीवर घेतली आणि तिच्या पाठीवरून अंगठा फिरवत राहिले. अक्षर पुसलं जाणार नाही एवढ्या हलक्या हातानं. "पराग सहाला येतो," ते म्हणाले. "तोवर थांबाल? मला सांगितलंत ते त्याच्यासमोर सांगाल?"

काम चार वाजता संपलं असतं. देवीदासची घरी मंदाकिनी वाट बघत होती आणि परागला तो ओळखतही नव्हता. सांगितलं नसतं तरी कोणी त्याला धरून आणणार नव्हतं. "थांबतो," तो म्हणाला. "शेवटची पट्टी तेव्हाच मारू."

त्यानंतर नानांनी आत जाऊन दोघांसाठी चहा केला. साखर फार झाली होती.

सहाच्या सुमारास पराग आणि चित्रा एकामागोमाग आले. पराग पन्नाशीचा, उंच, कानाला फोन. तो नेहमीच्या सवयीनं हिंदीत बोलत होता. "क्या हुआ नाना, ठंड में बाहर क्यों बैठे हो?" मग त्याला उघडी खिडकी दिसली, भिंतीला टेकवलेली कोरी पट्टी दिसली, आणि शेजारी हात जोडल्यासारखा उभा असलेला मिस्त्री दिसला.

देवीदासनं सांगितलं. सकाळपेक्षा या वेळी जड गेलं. सकाळी मध्ये जाळी होती.

"बारा साल?" परागचा आवाज चढला. "मेरी माँ आठ साल इस खिड़की के नीचे सोई है. और आप बारा साल बाद बता रहे हो?"

"हव," देवीदास म्हणाला.

"हव क्या? हम लोग इनको दवाई खिला रहे थे!"

चित्रा तशीच आत गेली. खोलीतला दिवा लागला आणि खिडकीतून देवीदासला दिसलं, तिनं उशाशी ठेवलेलं गोळ्यांचं पाकीट उचललं, क्षणभर हातात धरलं आणि पर्समध्ये टाकलं. मग पलंगावर नानांच्या उशीच्या जागी हात ठेवून ती थोडा वेळ बसून राहिली.

"त्यांच्यावर ओरडू नकोस," नाना परागला म्हणाले. "हे तिला एकदाच म्हणाले, काही नाही म्हणून. मी आठ हिवाळे म्हणत होतो." मग ते देवीदासकडे वळले. "चला. तुमचं काम पुरं करा."

अंधारून आलं होतं. परागनं न सांगता मोबाइलचा टॉर्च लावला आणि धरला. देवीदासनं जास्तीचा सुकलेला फोम पातीनं कापून सपाट केला. खालच्या भिंतीवर थर्माकोल दुपारीच चिकटवून पॅनेल परत लावून झालं होतं. आता चारांपैकी शेवटची, खालची पट्टी राहिली होती, धूर वाकला होता त्या कोपऱ्याची. त्यानं ती गुडघ्यावर उलटी धरली, कानावरची पेन्सिल काढली आणि सावकाश लिहिलं: देवीदास कुंभलकर. खाली आजची तारीख घातली.

"वर जागा आहे का?" नानांनी विचारलं.

"आहे."

"तिथे विजया लिहा."

देवीदासनं मान वर केली.

"तुमचे मिस्त्री म्हणायचे ना, उद्या कोणी उघडलं तर कोणाला विचारायचं ते समजलं पाहिजे." नाना म्हणाले. "तिला विचारायला पाहिजे होतं. तिला माहीत होतं."

देवीदासचं अक्षर काही फार चांगलं नव्हतं. त्यानं ते तीन अक्षरी नाव आपल्या नावापेक्षा मोठं काढलं आणि दोनदा गिरवलं. मग पट्टी जागेवर बसवली, नाव भिंतीकडे गेलं. स्क्रू आवळले, एकेकाची खाच उभी केली.

तो घोडी बाजूला करू लागला तशी नाना खुर्चीवरून उठले आणि खिडकीशी आले. त्यांनी शालीतून हात बाहेर काढला. बोट वाकवून पट्टीवर टकटक केलं. आवाज भरीव आला. ते एक पाऊल सरकले, पुन्हा वाजवलं. मग वाकून अगदी खालच्या कोपऱ्यात.

"ऐक," ते हळूच म्हणाले.

"ऐकतोय, नाना," पराग मराठीत म्हणाला.

पण नाना त्याच्याशी बोलत नव्हते. त्यांनी कान पट्टीजवळ नेला, मफलर थोडा बाजूला केला आणि पुन्हा एकदा वाजवलं. त्यांचं वाजवून होईपर्यंत देवीदास पेटी न उचलता तिथेच उभा राहिला.